सास्तीचा कोळसा, कुलाब्याची भिंत

सकाळचे सात वाजले आहेत आणि चंद्रपूर बसस्थानकाची फरशी आताच चपलेतून जाणवते आहे. मे महिना. गडचिरोलीकडून आलेल्या गाडीतून बाया उतरतात. एकीच्या गाठोड्यातून वाळल्या मोहफुलांचा गोडसर वास येतो. मी डोक्याला दुपट्टा बांधला आहे, खिशात कांदा टाकला आहे. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बारा झेरॉक्स. या बारा कागदांसाठी आजचा प्रवास आहे.

कागदांवर प्रभाकर पाचपुते यांची चित्रं आहेत. जन्म १९८६, गाव सास्ती, तालुका राजुरा. त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२ साली मुंबईत भरलं, कुलाब्याला रीगल सिनेमासमोरच्या क्लार्क हाऊसमध्ये. नाव होतं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होतो. जावंसं फार वाटलं, पण शाळेची कामं, तिकिटाचे पैसे आणि जवळजवळ नऊशे किलोमीटरचं अंतर. जाणं झालं नाही. ज्या मातीतून ती चित्रं उगवली ती माती माझ्या घरापासून तासाभरावर आणि चित्रं राज्याच्या दुसऱ्या टोकाला, हे तेव्हापासून मनात सलतं आहे. निवृत्त झालो तसं ठरवलं की निदान कागद तरी गावात न्यायचे.

गाडी बाबूपेठ, विसापूर मागे टाकते. बल्लारपूर येतं ते आधी नाकाला कळतं. कागद कारखान्याचा तो उग्र वास. खिडकीतून कोळशाच्या वाघिणींची रांग दिसते, संपतच नाही. बामणी फाट्यापुढे वर्धा नदीचा पूल. नदी म्हणजे वाळूच्या पसाऱ्यात सरकणारी एक बारीक धार. पलीकडचा राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आजही राजुऱ्याच्या बाजारात मराठीच्या मधून तेलुगू सहज ऐकू येते.

राजुऱ्याहून सास्तीला काळीपिवळी. आम्ही अकरा जण, एक शेळी. कडेच्या कडुनिंबांवर धूळ इतकी बसली आहे की पान हिरवं आहे हे देठाजवळच कळतं.

सास्तीत उतरल्यावर पहिली सावली चहाच्या टपरीची. टपरीवाले काकाजी सत्तरीच्या घरातले. आलूबोंडे तळून झाले आहेत, कढईतलं तेल शांत होतं आहे. बाकावर आणखी दोघे म्हातारे, आणि एक नऊ-दहा वर्षांची नात, शाळेला सुट्टी म्हणून आजोबांपाशी.

“का जी, कुठून येणं झालं?”

“चंद्रपूरहून. थोडी चित्रं दाखवायची आहेत.”

“इकायची आहेत?”

“नाही काकाजी. तुमच्याच गावच्या पोरानं काढलेली आहेत. फक्त पाहायची.”

काकाजी हात धोतराला पुसतात. मी पहिला कागद बाकावर ठेवतो, उडू नये म्हणून त्यावर चहाचा पेला. तिघेही वाकतात.

पाचपुते यांच्या चित्रातला माणूस ओळखीचा असतो आणि नसतोही. अंगकाठी आपल्याकडच्याच कामगाराची. खांदे उतरलेले, पाय घट्ट रोवलेले. वर मान जिथं संपते तिथं डोकं असेलच असं नाही. त्या जागी भलतंच काही येतं. कुठं दिवा, कुठं अवजार, कुठं यंत्राचा तुकडा. मुंबई-दिल्लीतल्या लेखांत याला अतिवास्तव म्हणतात, आणि मीही वर्गात तोच शब्द वापरत आलो. काकाजी मात्र कागदावर बोट ठेवून म्हणतात, “बराबर काढलं हाये.”

“बरोबर कसं?”

“मी बत्तीस वर्सं अंडरग्राउंडले होतो. खाली उतरलं का तोंड कोनाचंच दिसत नाही. दिवा दिसते. दिव्यानंच मानूस वळखायचा. दिवा हालवून बोलवायचं, दिवा हालवून थांबवायचं. मंग डोकं काहाले काढन तो?”

शेजारचे म्हातारे मान हलवतात. “हा उंचावरचा दिवा, म्हंजे लंब्या मानसाचा. असा खाली झुकलेला असला तर समजायचं, थकला.”

मी इतकी वर्षं मुलांना या चित्रांबद्दल जे सांगितलं, त्यात हे नव्हतं. चित्रातली जी गोष्ट मी कल्पना समजत होतो, ती या बाकावर बसलेल्या तिघांपैकी दोघांनी रोज आठ तास पाहिलेली आहे. झेरॉक्सच्या कोपऱ्यात मी ते वाक्य पेन्सिलीनं उतरवून घेतो.

कागदावरचं प्रदर्शनाचं नाव वाचून नात विचारते, “आजोबा, कॅनरी म्हंजे का?”

मी सांगतो. पिवळी, चिमणीएवढी चिडी. इंग्लंडच्या खाणींत पिंजऱ्यात घालून खाली नेत. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला समजायच्या आधी ती चिडी झोकांड्या खाते, दांडीवरून पडते, आणि माणसं वर पळतात. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती सुचवली. ब्रिटनच्या खाणींतून चिड्यांची सुट्टी करायचं ठरलं ते १९८६च्या डिसेंबरात. तेव्हाही दोनशेवर चिड्या कामावर होत्या. त्यांच्या जागी यंत्रं आली. पाचपुते जन्मले तेच हे वर्ष. चित्रकारानं ते हेरून नाव ठेवलं असं मी म्हणणार नाही. पण मला ते विसरता येत नाही.

“आमच्याकडे चिडी नव्हती,” काकाजी म्हणतात. “तेलाचा दिवा होता, जाळीचा. ज्योतीवर निळी टोपी चढली का समजायचं, गॅस हाये. तो दिवा सरदाराच्या हातात राहे. आमी त्याच्या तोंडाकडे पाहो.”

तो मिथेनचा दिवा. चिडी वेगळ्या वायूची, दिवा वेगळ्या वायूचा; पण दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाकडे डोळे लावून आपण श्वास घ्यायचा, ही रीत दोन्हीकडे एकच. प्रदर्शनाच्या नावातला तो पक्षी कोण, हे टपरीवर कुणी विचारत नाही. विचारायची गरज पडत नाही.

अकराच्या सुमारास काकाजींचा पुतण्या मला मोटारसायकलवरून गावाबाहेर नेतो. खाणीत शिरायला परवानगी लागते, ती माझ्याकडे नाही. पण एका उंचवट्यावरून कड दिसते. गाडी बंद होते आणि आधी आवाज ऐकू येतो, खालून येणारी एक सलग घरघर. मग पुढे दोन पावलं, आणि जमीन संपते.

खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. एकेक पायरी घराहून उंच. पिवळे डंपर वळणं घेत चढतात, उतरतात. इथून ते मुंगळ्यांएवढे दिसतात. मी तीस वर्षं रंग शिकवले म्हणून असेल, माझे डोळे आधी थरांकडे जातात. सगळ्यात वर काळी माती, कापसाची, तुरीची, आमची रेगूर. तिच्याखाली पिवळट चिकणमाती. मग तांबूस, राखी वालुकाश्माचे पट्टे. आणि तळाशी पुन्हा काळं, उन्हात चकाकणारं. वर काळं, खाली काळं. वरच्या काळ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली. खालचं काळं काढायचं तर वरचं उचलून बाजूला टाकावं लागतं, आणि ते समोर आहेच: मातीचे डोंगर. इथं त्यांना डंप म्हणतात. दूरच्या जुन्या डंपवर झुडपं उगवली आहेत आणि बाहेरच्या माणसाला ती खरीच टेकडी वाटेल.

खालचं हे काळं एके काळी जंगल होतं. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं; ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता उरलेल्या नसलेल्या झाडांचं. ती झाडं जिथं वाढली त्या प्राचीन भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं गोंडवाना, गोंडांच्या या मुलखावरून. ताडोब्याचं आजचं जंगल इथून लांब नाही. त्या जुन्या जंगलावर आपण वीज करतो. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे.

भोंगा वाजतो. पुतण्या म्हणतो, “गुरुजी, मागं या. ब्लास्टिंग हाये.”

आम्ही बाभळीखाली सरकतो. दुसरा भोंगा. घरघर थांबली आहे. एक टिटवी ओरडते आणि गप्प होते. मग तळपायांना काहीतरी समजतं. आवाज अजून आलेला नाही. जमीन मात्र एकदा सैल होऊन पुन्हा घट्ट बसल्यासारखी हलते. त्यानंतर धडाका, छातीत. कडेच्या पलीकडून पिवळ्या-राखी धुळीचा पडदा सावकाश वर येतो, वाऱ्याबरोबर तिरपा होतो आणि आमच्यावर उतरतो. दात कचकच करतात. पुतण्या घड्याळ पाहतो. त्याला हे रोजचं आहे.

धूळ बसते तसा मी उंचवट्यावर टेकतो आणि वही काढतो. हाताशी कोळशाची कांडी आहे, लाकडी कोळशाची, शाळेत वापरत असे ती. चित्र काही जमत नाही. तळ काळा करावा तर वरची माती हरवते. पुसतो, पुन्हा काढतो. पुसलेली रेघ पूर्ण जात नाही, कागदावर तिची राखी सावली उरते.

कोळशाच्या या खोडीवर एक चित्रपटपद्धत उभी आहे. जोहान्सबर्ग, तेही खाणींवर वसलेलं शहर. तिथल्या विल्यम केंट्रिजनी कोळशानं एक मोठं चित्र काढायचं, कॅमेऱ्यात एक चौकट टिपायची, थोडं पुसायचं, थोडं बदलायचं, पुन्हा टिपायचं, अशी रीत धरली. त्यांचा ‘माइन’ हा लघुपट १९९१चा. पाचपुतेही कोळशानं भिंतींवर काढतात, चित्रं चौकट-चौकट हलवतात, त्यांना प्रकाश आणि ध्वनीची जोड देतात. म्हणून त्यांना नुसता चित्रकार म्हणणं अपुरं पडतं, माध्यम-कलावंत म्हणावं लागतं. शिक्षण शिल्पकलेचं: २००९मध्ये खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून पदवी, २०११मध्ये बडोद्याहून पदव्युत्तर. पण समोरचा खड्डा पाहताना मला वाटतं, ही पद्धत त्यांना कुठल्या वर्गात शिकावी लागली नसणार. शेत पुसलं, तिथं खड्डा काढला; टेकडी नव्हती, ती काढली; आणि पुसल्याची सावली उरली. आम्ही ज्या बाभळीखाली उभे आहोत ती सरळ रेषेत उभ्या असलेल्या सहा बाभळींपैकी एक. हा कुणाच्या तरी वावराचा धुरा आहे. वावर नाही, धुरा आहे.

“हे कोणाचं होतं?” मी विचारतो.

“आता कोणाचं सांगू जी? सातबारा बदलला.” पुतण्या थोडा थांबून पुढे म्हणतो, “जमीन गेली त्याच्या बदल्यात काही घरी नोकरी आली. नोकरीवाला मानूस रिटायर होते. वावर रिटायर नाही होत.”

पाचपुते यांच्या घरच्या तीन पिढ्यांनी खाणीत काम केलं. त्यांच्या चित्रांत मला म्हणूनच दोन दुःखं एकत्र गुंतलेली दिसतात आणि ती वेगळी करता येत नाहीत: जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं आणि त्याच जमिनीच्या पोटात उतरून पगार घेणाऱ्या मजुराचं. पुष्कळदा दोघे एकाच ताटात जेवतात. बाहेरून आलेला कलावंत यातलं एक पाहतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग धर्मप्रचारक म्हणून बेल्जियमच्या बोरिनाज या खाणपट्ट्यात गेला, खाणकामगारांची चित्रं काढू लागला आणि १८८०मध्ये चित्रकारच व्हायचं ठरवून बसला. त्याची कणव खरी होती, तरी तो तिथला पाहुणा होता. सास्तीच्या मुलाला ती सोय नव्हती.

परत टपरीवर येतो तेव्हा दोन वाजून गेले आहेत. रस्त्यावर माणूस नाही. काकाजींनी माझ्यासाठी भाकर, पिठलं आणि कांदा झाकून ठेवलं आहे. जेवताना नात समोर येऊन उभी राहते. “मले काढता येते,” ती सांगते.

मी कांडी पुढे करतो. ती घेत नाही. खाली पडलेला दगडी कोळशाचा तुकडा उचलून टपरीच्या चुना दिलेल्या मागच्या भिंतीवर ओढते. तो भिंत खरवडतो, रेघ फिकट उमटते. मग स्वतःच चुलीतलं विझलेलं लाकूड काढते. त्याच्या टोकाची रेघ मखमली, गर्द. दगडी कोळशानं माणूस श्रीमंत होईल, पण चित्राला लाकडाचाच कोळसा लागतो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

ती डंपर काढते. आधी चाक, तिच्या उंचीचं. मग दुसरं चाक. मग वर, हात पुरत नाही म्हणून बाकावर चढून, वाकडातिकडा हौदा. शेजारी एक घर, चाकाच्या अर्ध्या उंचीचं.

“ड्रायव्हर कुठं आहे?”

“तो खालून दिसत नाही,” ती म्हणते, आणि माझ्याकडे असं पाहते की एवढंही कळत नाही का.

चारनंतर पहिल्या शिफ्टचे लोक येऊ लागतात. मोटारसायकली उभ्या राहतात, चेहऱ्यांवर घामानं काढलेल्या रेघा. चहाचे पेले फिरतात, आणि त्यांच्याबरोबर माझे बारा कागदही. एक जण चित्र उलटं धरतो, सरळ करतो, बराच वेळ काही बोलत नाही. तरुण मुलगा विचारतो, “हे मुंबईत लावलं होतं? मंग लोक पाहाले आले होते?”

मी सांगतो. आले होते. क्लार्क हाऊस ही जागा कधी जहाज कंपनीची कचेरी होती. सुमेश शर्मा आणि झाशा कोला यांनी २०१०मध्ये तिथं कलेचं काम सुरू केलं. तिथलं प्रदर्शन झालं आणि पुढच्या वर्षी कोलकात्यात ‘लँड ईटर्स’, म्हणजे जमीन खाणारे, या नावाचं दुसरं. २०१४मध्ये ब्राझीलमधलं साओ पाउलोचं द्वैवार्षिक प्रदर्शन. २०२१मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार, जो त्या वर्षी सहाही कलावंतांना मिळून दिला गेला. कार्डिफ हे बंदरच मुळी कोळशावर मोठं झालेलं. २०२२मध्ये व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन.

“म्हंजे तिकडच्या खानवाल्यायनं पाहिलं,” तो म्हणतो. “इथं काऊन नाही लावत?”

कुणी हसत नाही. काकाजी माझ्याकडे पाहतात. बारा झेरॉक्स घेऊन आलेल्या माणसाजवळ याचं उत्तर असायला हवं, असं त्या पाहण्यात आहे.

इथल्या माणसाला असली कला कळायची नाही, हे उत्तर मी शहरात ऐकलं आहे, आणि ते खोटं आहे. इथल्याच चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी जिवंत आहे. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात, धान निघाल्यावर गावोगाव मंडप पडतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री हजारो माणसं तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. त्यांना रंगवलेले पडदे कळतात, दिवे कळतात, अंधार करून मग एकाच माणसावर प्रकाश टाकला की काय होतं ते कळतं. स्टॉप-मोशन हा शब्द त्यांनी ऐकला नसेल. आज सकाळी एका म्हाताऱ्यानं दिव्याच्या डोक्याचा जो अर्थ मला सांगितला, तो माझ्या वाचनातल्या कुठल्याही लेखात नव्हता. प्रेक्षक इथं आहे. चित्राला त्याची गरज आहे, त्याच्यावाचून त्या चित्राचा अर्धा अर्थ बंद पेटीत राहतो.

मूळ प्रदर्शन परत आणता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. भिंतीवर कोळशानं काढलेलं प्रदर्शन संपलं की पांढऱ्या रंगाखाली जातं. पण कोळसा इथं कमी नाही, हात कमी नाहीत. आणि खाण आता शेजारीही आली आहे: सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक गडचिरोलीच्या रस्त्यांनी धावत आहेत. त्या धुळीतही कुणी नऊ वर्षांची मुलगी चुलीतलं लाकूड घेऊन भिंतीसमोर उभी असेल. तिला आपल्याआधी याच वाटेनं कोण गेलं हे नऊशे किलोमीटरवर जाऊन कळू नये.

पावणेसहाची काळीपिवळी हॉर्न देते. मी कागद गोळा करायला लागतो तर अकराच निघतात. दिव्याच्या डोक्याचा कागद काकाजींनी साखरेच्या डब्यामागे उभा करून ठेवला आहे. मी तो तिथंच राहू देतो. मागच्या भिंतीवरचा डंपर पाहून ते नातीला सांगतात, “दिवाळीचा चुना होईस्तोवर राहू दे.”

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, गडचिरोली, इथं ज्यांच्या ताब्यात एखादी रिकामी खोली आहे, महाविद्यालयाची, नगरपरिषदेची, वाचनालयाची किंवा कामगार संघटनेची, त्यांना माझी विनंती आहे. एक महिना ती खोली द्या. चार भिंतींना चुना लावा, खिडक्यांना काळा कपडा लावा, विजेची एक जोडणी द्या, आणि दार रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, म्हणजे दुसऱ्या शिफ्टला जाणारे सकाळी आणि पहिल्या शिफ्टहून सुटलेले संध्याकाळी येऊ शकतील. प्रभाकर पाचपुते यांना आणि आपल्या भागातल्या तरुण चित्रकारांना रीतसर बोलावणं पाठवा. सास्तीहून माणसं आणायची जबाबदारी माझी.